'झिरो बॅलन्स' करंट अकाउंट आणि सहा हजारांचे चार्जेस

एका तिमाहीत ६,०४१ रुपये ६० पैसे. कर्ज नाही, ओव्हरड्राफ्ट नाही, नुसतं करंट अकाउंट, आणि तेही 'झिरो बॅलन्स' सांगून उघडून दिलेलं. लहान दुकान चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते आहे. बँकेचं नाव देत नाही. हाच अनुभव वेगवेगळ्या बँकांत आलेली माणसं मला नंतर बाजारातच भेटली, त्यामुळे एक नाव वाचून बाकीच्यांबद्दल निर्धास्त व्हायला नको.

कराडमध्ये आमची दूध डेअरी आहे. निम्मी गिऱ्हाइकं आता क्यूआरवर पैसे देतात, पण सकाळी पिशवी घेऊन जाणारी बरीचशी रोखच देतात, दहा-वीसच्या नोटांत. दिवसाची रोख साधारण बारा हजार. ती दुपारी बँकेत भरायची आणि संध्याकाळी वितरकाचे पैसे चुकते करायचे. रात्री खात्यात तीन-चार हजार उरले तर उरले. पैसा येतो भरपूर, मुक्कामाला राहत नाही. दूध, भाजी, अंडी, पाव, सगळ्या रोजच्या धंद्यांचं हेच असतं, आणि करंट अकाउंटचे चार्जेस नेमके अशाच धंद्याला चावतात.

एका खासगी बँकेचा मुलगा टॅब घेऊन दुकानात आला. अर्धा तास काउंटरपाशी बसून गिऱ्हाइकी बघत होता. "ताई, रोज किती रोख भरता?" त्यानं विचारलं, मी सांगितलं. "मग काहीच प्रॉब्लेम नाही. झिरो बॅलन्स आहे, स्वाइप मशीनही फ्री देतो." संध्याकाळी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं, "ताई काही मेंटेन करायची गरज नाही, चार्ज पण नाही." हा मेसेज पुढे फार कामाला आला. पॅन, आधार, शॉप अ‍ॅक्ट, उद्यमचा कागद यांचे फोटो काढले, टॅबवर सही झाली, ओटीपी आला, खातं उघडलं. फॉर्मची प्रत "मेलवर येईल" म्हणाला. मेलवर आलं ते फक्त वेलकम लेटर.

पहिले सहा महिने एक रुपयाही कापला गेला नाही. मला तर वाटतं की यातलं सगळ्यात हुशारीचं काम हेच आहे. सुरुवातीच्या दोन तिमाहींना बँकेची सवलत होती, ती संपणार आहे हे कुणी बोललं नाही. तोवर क्यूआर त्या खात्याला जोडला गेला, वितरकाकडे त्याच खात्याचे चेक गेले, आणि खातं बदलणं म्हणजे डोकेदुखी होऊन बसली.

तिसऱ्या तिमाहीत कापाकापी सुरू झाली. मशीनचं भाडं महिन्याला ४०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२. रोख भरण्याची फुकट मर्यादा महिन्याला दोन लाख, आमचा भरणा ३ लाख ६० हजार. वरच्या १ लाख ६० हजारांवर हजारी चार रुपये, म्हणजे ६४०, जीएसटी धरून ७५५ रुपये २० पैसे. हेही दर महिन्याला. आणि तिमाही संपल्यावर 'क्यूएबी' नावाखाली १,७७०. क्यूएबी म्हणजे तिमाही सरासरी शिल्लक. आमच्या 'झिरो बॅलन्स' खात्याला ती २५ हजार ठेवायची होती!

कळलं कसं, तर वितरकाचा फोन आला, "वहिनी, चेक परत आलाय." ते १,७७० रुपये चेक वटायच्या आदल्या दिवशी कापले गेले होते आणि शिल्लक काहीशे रुपयांनी कमी पडली. चेक परतीचे वेगळे ५९०. वितरक जुना ओळखीचा, म्हणून फोनवर भागलं. दुसऱ्या कुणी वकिलाची नोटीस धाडली असती तर कलम १३८चं, म्हणजे चेक न वटल्याच्या फौजदारी खटल्याचं लचांड मागे लागलं असतं, आणि तिथे बँकेचे चार्जेस आमची बाजू मांडायला येत नाहीत.

शाखेत गेल्यावर साहेबांनी दरपत्रक पुढे केलं. सगळं छापलेलं होतं. "जीएसटीचं क्रेडिट मिळेल की तुम्हाला," असंही म्हणाले. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहोत, तिथे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, आम्हाला कसलं इनपुट क्रेडिट! मी खातं उघडतानाच्या फॉर्मची प्रत लेखी मागितली. टाळाटाळ झाली, पण मिळाली. त्यात खात्याचा प्रकार २५ हजार तिमाही सरासरीचा टाकलेला होता. आणि 'अपेक्षित रोख भरणा, दरमहा' या रकान्यात ५० हजार. रोजचे बारा हजार मी त्याला तोंडाने सांगितले होते, त्याने डोळ्यांनी पाहिलेही होते. खरा आकडा टाकला असता तर हे खातं या दुकानाला बसतच नाही, हे त्याच कागदावर दिसलं असतं. मुलगा तोवर नोकरी सोडून गेलेला.

बचत खात्याच्या अनुभवावरून करंट अकाउंटचा अंदाज बांधता येत नाही, हे आमच्या कर सल्लागारांनी समजावलं. बचत खात्यात किमान शिल्लक मोडली तर दंड तुटीच्या प्रमाणात हवा, आधी कळवून महिनाभराची मुदत द्यायला हवी, आणि निव्वळ दंडापायी खातं उणे होता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४चं परिपत्रक आहे. १ एप्रिल २०१५पासून ते लागू झालं. ते बचत खात्यापुरतं. ऑनलाइन एनईएफटी १ जानेवारी २०२०पासून फुकट झालं, तेही बचत खातेदारांना. करंट अकाउंटला व्याज नसतंच, वर पैसे पाठवायला चार्ज लावायची बँकेला मोकळीक. खात्यात पैसे नसले तर चार्ज थकीत म्हणून मांडून ठेवतात आणि पुढचा भरणा आला की आधी तो उचलतात. दुसरीकडे, धंद्याची उलाढाल बचत खात्यात दिसली की बँक हरकत घेते, त्यामुळे तिकडेही पळता येत नाही.

सरासरीचं गणितही एकदा कागदावर करून बघा. रोज दिवसअखेर जी शिल्लक उरते तिची बेरीज करून दिवसांनी भागतात. २५ हजारांची तिमाही सरासरी म्हणजे ९० रात्रींच्या शिलकांची बेरीज साडेबावीस लाख व्हायला हवी. आमची जेमतेम तीन लाखांच्या आसपास. दिवसभरात खात्यातून बारा हजार गेले की बारा लाख, त्याला इथे किंमत नाही. निम्मे दिवस खातं रिकामं राहिलं, तर उरलेल्या निम्म्या दिवसांत ५० हजार अडकवून ठेवावे लागतील.

मग मी मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट घेतलं. रोख किती भरली, किती चेक दिले, ऑनलाइन किती वेळा पैसे पाठवले, रात्रीची शिल्लक साधारण किती, एवढंच काढलं आणि बाजारपेठेतल्या बँकांची दरपत्रकं त्याला लावून बघितली. आकडे पाहून मीच चक्रावले. एका सरकारी बँकेत महिन्याला सरासरी दहा हजार ठेवावे लागतात, म्हणून तिचं नाव मी आधी बाजूला सारलं होतं. तिथे आपल्या शाखेत महिन्याला पाच लाखांपर्यंत रोख भरणा फुकट आहे. दहा हजार कायमचे अडकले, तर सात टक्क्यांच्या ठेवीच्या हिशेबाने बुडालेलं व्याज वर्षाला ७००, तिमाहीला १७५ रुपये. आणि इकडे 'झिरो बॅलन्स'मध्ये, चेक परतीचा भुर्दंड सोडूनही, त्याच तिमाहीचे ५,४५१ रुपये ६० पैसे. आमच्यासारख्या रोखीच्या दुकानाला भारी पडतो तो रोख भरण्याचा दर, आणि जाहिरातीत किमान शिलकेचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो.

नव्या खात्याबरोबर स्वाइप मशीन आम्ही घेतलंच नाही. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२०पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागचं कमिशन, नाही, आणि दुधाच्या पिशवीला क्रेडिट कार्ड काढणारं गिऱ्हाईक आमच्याकडे महिन्यातून एखादं. क्यूआरवर भागतं. मात्र बोलणाऱ्या स्पीकरचंही भाडं असतं, ते विचारून घ्या.

सहकारी बँकेचं खातं आणखी स्वस्त पडत होतं. तिथे एक गोष्ट मात्र बघायची. बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा एका माणसाला एका बँकेत पाच लाखांपर्यंतच, आणि प्रोप्रायटरशिप असेल तर दुकानाचं करंट अकाउंट आणि आपलं स्वतःचं बचत खातं एकत्र धरतात. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. रोज वितरकाला पैसे द्यायचे असतात त्यानं हे डोक्यात ठेवून चार्जेसमधली बचत मोजावी.

तक्रार मी लेखी केली, आधी शाखेत, मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट, फॉर्मची प्रत आणि स्टेटमेंट जोडलं. "तुमचे दर जास्त आहेत" असं एक वाक्यही लिहिलं नाही. दर किती ठेवायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल त्यात पडत नाही. "जे सांगितलं ते दिलं नाही, आणि मी दिलेली माहिती फॉर्मवर बदलून लिहिली," एवढंच मांडलं. क्यूएबीचे १,७७०, मशीनचे १,४१६ आणि चेक परतीचे ५९० असे ३,७७६ रुपये परत आले. रोख भरण्याचे २,२६५ रुपये ६० पैसे "दरपत्रकाप्रमाणे योग्य" म्हणून नाकारले.

बँकेनं नाकारलं किंवा ३० दिवस उत्तरच दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. अडचण आली तर १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मी उरलेल्या रकमेसाठी तिथे अर्ज टाकला आहे. मुद्दा एकच, ५० हजारांचा रकाना. तक्रार क्रमांक आला, निकाल यायचा आहे.

जुनं खातं अजून कागदोपत्री चालूच आहे. आधी मशीन परत द्यायचं, त्याची सही-शिक्क्याची पावती घ्यायची, कारण नोंद होईपर्यंत भाडं चालू राहतं. क्यूआर नव्या खात्याला जोडला आहे. वितरकाकडे पुढच्या तारखेचे दोन चेक आहेत, ते वटले की उरलेलं चेकबुक जमा करून बंद करण्याचा अर्ज देईन आणि खातं बंद झाल्याचं पत्र हातात घेऊनच शाखेतून उठेन.