साडेतीन हजारांच्या गोळ्या आणि पिवळी लघवी

गेल्या श्रावणात मल्टिव्हिटॅमिन चालू केलं, चैत्रात बंद केलं. कंपनीचं नाव देत नाही, सगळ्या डब्या सारख्याच. तीस गोळ्यांना साडेचारशे रुपये. तासगावात कोण बघेल म्हणून मिरजेहून आणायची.

मी २०११ पासून ए.आर.टी.वर, म्हणजे एच.आय.व्ही.च्या रोजच्या औषधांवर आहे. ते औषध फुकट मिळतं, त्यामुळे हे साडेचारशे जास्तच टोचायचे. घेतल्या कशासाठी, तर थकवा आणि तळपायांना मुंग्या. दुकानदार म्हणाला, "प्रतिकारशक्ती वाढते, ताई." आपल्या एच.आय.व्ही.वाल्या लोकांना हा शब्द ऐकला की पाकीट आपोआप उघडतं.

दुसऱ्याच दिवशी लघवी हळदीसारखी पिवळी. कावीळ झाली म्हणून रात्रभर झोप नाही. डी. फार्म. करणारी भाची फोनवर हसली, म्हणाली मावशी, ते बी-२ आहे, जास्तीचं बाहेर पडतंय. म्हणजे पैसेच बाहेर पडत होते म्हणा.

खरा घोळ पुढे. टी.एल.डी., म्हणजे माझी ए.आर.टी.ची गोळी, मी रात्री दहाला घेते, जेवण आठलाच झालेलं असतं. विसरायला नको म्हणून ही गोळीही त्याच वेळी. दोन महिने असंच चाललं. औषध न्यायला गेले तेव्हा सहज बोलले, तर काउन्सिलर मॅडमनी कपाळाला हात लावला. मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह, कॅल्शियम, झिंक हे टी.एल.डी.तल्या डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात कमी जातं. टी.एल.डी. आधी, मग दोन तासांनी हे. किंवा हे आधी घेतलं तर सहा तास थांबायचं. लोह-कॅल्शियमवाली गोळी जेवणाबरोबर असेल तर दोन्ही एकत्र चालतात, पण पित्ताचं पांढरं औषध (अँटासिड) टी.एल.डी.बरोबर अजिबात एकत्र नको. मग ती गोळी सकाळच्या भाकरीबरोबर गेली. पुढचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, टी.एन.डी. (विषाणू सापडला नाही) असा आला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

फरक? वजन तेच, थकवा तोच, मुंग्याही तशाच. शेवटी डॉक्टरांनी बी-१२ तपासलं, ते बरंच कमी निघालं. मी माळकरी, अंडंसुद्धा खात नाही. डबीवर बघितलं तर बी-१२ अवघं १ मायक्रोग्रॅम. इंजेक्शनं घेतल्यावर दीड महिन्यात मुंग्या गेल्या. आठ महिने मी अंधारात दगड मारत होते.

तसं मी शहाणं व्हायला हवं होतं. माझ्या ए.आर.टी.च्या पहिल्या गोळ्यांत झिडोव्ह्युडीन हे औषध होतं, त्यानं हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. दोन महिने लोहाचं टॉनिक प्याले, आकडा हलला नाही. डॉक्टरांनी ते औषध बदललं तेव्हा हिमोग्लोबिन भरून आलं.

भाचीनं टांझानियातले अभ्यास वाचून दाखवले. २००४ साली छापलेल्या अभ्यासात बी, सी आणि ई जीवनसत्त्वांनी आजार हळू वाढला होता, पण त्या गरोदर बायका होत्या आणि ए.आर.टी. चालू नव्हती. शिवाय 'अ' जीवनसत्त्वानं बाळाला लागण होण्याचं प्रमाण उलट वाढलं होतं. पुढे २०१२ च्या अभ्यासात ए.आर.टी.वरच्या लोकांना जादा डोस देऊन पाहिला. नेहमीच्या डोसापेक्षा फायदा काही नाही, यकृताचा एक आकडा मात्र चढला, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला. दुकानदार सांगतो ती गोष्ट पहिल्या अभ्यासातली आणि गिऱ्हाईक दुसऱ्यातलं.

ज्यांचं खाणंच तुटलंय, टी.बी. झालाय, त्यांचं वेगळं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मी आता तेच पैसे दूध, मटकी, शेंगदाण्यांवर घालते. उरलेल्या अकरा गोळ्या जाऊबाई केस गळतात म्हणून मागून घेऊन गेल्या. लघवीचं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.