मुलाखतीत कोणतं सॅम्पल दाखवावं: कंपनीचं, ओपन सोर्सचं की घरी तयार केलेलं?

टेक्निकल रायटरने, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणाऱ्याने, आपल्या लेखनाचं सॅम्पल पुढे केलं की पहिला प्रश्न येतो, "यातलं तुम्ही नेमकं काय लिहिलंत?" निवड करताना हाच प्रश्न आधी स्वतःला विचारा. ज्यावर बोट ठेवून उत्तर देता येतं असं दोन पानांचं सॅम्पल, सात जणांनी मिळून लिहिलेल्या शंभर पानी गाइडपेक्षा कधीही चांगलं.

कंपनीतल्या कामाला वजन असतं, कारण त्यामागे खरी डेडलाइन, खरे इंजिनिअर आणि खरा रिव्ह्यू असतो. पण ते तुमच्या मालकीचं नसतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकी कंपनीची. मजकूर सर्वांसाठी खुल्या हेल्प साइटवर असेल तर अडचण नाही, लिंक द्या. मात्र तुम्ही सोडल्यावर पान बदललेलं असू शकतं, म्हणून आवृत्ती आणि महिना सांगा. वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, त्या काळातली प्रत असेल तर तीच दाखवा. लॉगिनच्या आतलं असेल तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर दाखवूच नका. "फक्त स्क्रीन शेअर करतो, फाइल देत नाही" ही पळवाट चालत नाही, तेही उघड करणंच झालं. समोरच्याच्या मनातही लगेच येतं की हा उद्या आमचे कागद असेच दुसरीकडे उघडेल.

नावं बदलली म्हणून एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, सुटत नाही. परवानगी असेल तरीही झाकाझाक नीट करावी लागते आणि बहुतेक घोळ इथेच होतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ओढला तर खालचा मजकूर तसाच राहतो. सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला की ग्राहकाचं नाव बाहेर. वर्ड फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस, कॉमेंट्स आणि प्रॉपर्टीजमधलं कंपनीचं नाव उरतं. स्क्रीनशॉटमध्ये ब्राउझरचा टॅब आणि अंतर्गत सर्व्हरचा पत्ता दिसतो. त्यामुळे नावं मूळ फाइलमध्येच बदला, आयपी पत्त्यांच्या जागी 192.0.2.1 सारखे, डॉक्युमेंटेशनसाठीच राखून ठेवलेले पत्ते घाला आणि मग नवी पीडीएफ काढा.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या प्रकल्पात, तुमचा वाटा उघड दिसतो. फाइलची लिंक देऊ नका, पुल रिक्वेस्टची (तुमचा बदल स्वीकारा अशी प्रकल्पाला केलेल्या विनंतीची) द्या: आधीचा मजकूर, तुमचा बदल, रिव्ह्यूअरची हरकत आणि तुम्ही दिलेलं उत्तर, सगळं एका पानावर. स्क्वॉश मर्ज झालं असेल (सगळे बदल एकच करून प्रकल्पात घेतले असतील) तर कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, एकत्र होतात, तरी हे पान राहतं. पाच टायपो सुधारले असतील तर तेवढंच सांगा, "डॉक्युमेंटेशन लिहिलं" म्हणू नका. रिव्ह्यू कित्येक आठवडे अडकू शकतो. मर्ज झालं नसेल तर तसं सांगून दाखवलं तरी चालतं.

घरचं सॅम्पल दोन-तीन दिवसांत होतं. ओपन-मेटिओ ही हवामानाची एपीआय (प्रोग्रॅममधून माहिती मागवण्याची सोय) बिगरव्यावसायिक वापराला एपीआय-की, म्हणजे वापराचा सांकेतिक परवाना, न मागता चालते. पुण्याचे 18.52 आणि 73.86 हे अक्षांश-रेखांश देऊन एक रिक्वेस्ट, पॅरामीटरचा तक्ता, आलेला रिस्पॉन्स, आणि अक्षांश 200 दिल्यावर येणारी एरर, एवढं पुरे. वर ठळक लिहा: "सरावासाठी केलेलं, या सेवेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन नाही." क्लासची असाइनमेंट क्लायंटचं काम म्हणून खपवू नका, तोच टेम्प्लेट अख्ख्या बॅचने पाठवलेला असतो. इथली उणीव म्हणजे रिव्ह्यू नसतो. एखाद्या मित्राला फक्त तुमच्या पायऱ्या वाचून काम करायला लावा, तो कुठे अडला आणि तुम्ही काय बदललं ते टिपून ठेवा. मुलाखतीत ही टिपणं सॅम्पलइतकीच कामी येतात.

तिन्हींवर चार ओळींची चिठ्ठी हवी: वाचक कोण, माझा वाटा किती, तपासलं कोणी, एआय कुठे वापरलं. उदाहरणार्थ, "प्रकरण 3 आणि 5 माझी, रचना आधीच्या रायटरची, प्रस्तावनेचा पहिला खर्डा चॅटजीपीटीचा, पायऱ्या मी स्वतः चालवून लिहिल्या." एआयचा उल्लेख टाळलात आणि समोरच्याने एखादा परिच्छेद तिथल्या तिथे पुन्हा लिहायला सांगितला, तर फरक लगेच दिसतो.

फ्रेशर असाल तर घरच्या सॅम्पलपासून सुरुवात करा, पुल रिक्वेस्ट सोबत चालू ठेवा. अनुभव असेल आणि पानं खुली असतील तर ती आधी. सगळंच काम एनडीएत अडकलं असेल तर त्याच प्रकारचा दस्तऐवज खुल्या उत्पादनावर नव्याने लिहा, आणि जुन्या कामाबद्दल नाव न घेता कामाची पद्धत तेवढी तोंडी सांगा.