शुगर-बीपी असताना घेतलेला टर्म प्लॅन, आठ महिन्यांनंतर

मी 41 वर्षांची, नाशिकला असते, घरात कमावणारी एकटीच, मागे आई आणि नववीतली मुलगी. शुगर सहा वर्षांपासून आहे, बीपीची गोळी तीन वर्षांपासून. एक कोटीचा टर्म प्लॅन (म्हणजे मुदतीत मी गेले तर घरच्यांना पैसे देणारा विमा) घेऊन आता आठ महिने झाले, ज्यांना माझ्यासारखंच काही आहे आणि फॉर्म भरताना हात थांबतोय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

पहिली चूक म्हणजे तुलना करून देणाऱ्या साईटवर मी सरळ माझा रोजचा मोबाईल नंबर टाकला, अर्ध्या तासात फोन सुरू झाले ते पंधरा दिवस थांबलेच नाहीत. त्यातला एक एजंट म्हणाला, मॅडम शुगर लिहूच नका, तीन वर्षं गेली की कंपनी काही करू शकत नाही. तो कलम 45 बद्दल बोलत होता, आणि ते खरंच आहे, इन्शुरन्स अ‍ॅक्टप्रमाणे तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणानं पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत मला काही झालं तर? लपवलेलं निघालं की क्लेम गेला, आणि कागद घेऊन फिरणार माझी मुलगी. मी त्याला नाही म्हटलं आणि सगळं लिहिलं, गोळ्यांची नावं, कधीपासून, सगळं.

पहिल्या कंपनीनं केस पोस्टपोन केली कारण एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) 8.6 आला. फार वाईट वाटलं तेव्हा. पण पोस्टपोन म्हणजे कायमचा नकार नाही, फक्त पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये 'आधी कुठे अर्ज नाकारला किंवा पुढे ढकलला का' हा प्रश्न असतो तिथे खरं सांगावं लागतं. मी सहा महिने रोज संध्याकाळी चालले, डॉक्टरांनी गोळी बदलली, 7.1 आला, मग दुसऱ्या कंपनीत अर्ज केला. त्यांनी लोडिंग, म्हणजे आजारामुळे वाढीव हप्ता लावून दिला, 19,400 चा हप्ता 29,100 झाला. जास्त आहे, पण मला योग्य वाटला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक लाईफ इन्शुरन्सवरचा जीएसटी शून्य झालाय, नाहीतर त्यावर 18 टक्के वेगळे गेले असते. पुढे शुगर सुधारली तर लोडिंग कमी होईल का विचारलं, या पॉलिसीत तरी नाही म्हणाले.

आता ज्याचा मला खरा त्रास झाला ते. मेडिकलसाठी घरी रक्त घ्यायला लॅबचा मुलगा आला, त्यानं माझ्या आधारचा आणि जुन्या रिपोर्टचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढला. मी तेव्हा काही बोलले नाही. आठवड्याभरात एका बाईंचा फोन, तुमची शुगर आठच्या वर असते ना, आमचा शुगर रिव्हर्सलचा प्रोग्रॅम आहे. मी ऑफिसमध्ये होते, अक्षरशः हात थरथरायला लागले, माझा आकडा माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नव्हता! इन्शुरन्स कंपनीला मी माझं दुखणं सांगितलं ते विश्वासानं, कारण त्यांना ते माहीत असायलाच हवं, पण म्हणून ते बाजारात फिरायला मोकळं झालं असं होत नाही ना.

मग मी कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार निवारण) ऑफिसरला मेल केला, माझा डेटा कोणाकोणाला दिला ते लेखी मागितलं आणि मार्केटिंगची संमती काढून घेतली. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाय, टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, तरी मेलमध्ये त्याचं नाव घातल्यावर उत्तर लवकर आलं. उत्तरच आलं नसतं तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा या तक्रारीच्या पोर्टलवर जाणार होते. तेव्हापासून मी मास्क्ड आधारच देते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि या कामांसाठी वेगळा ईमेल ठेवलाय. जाहिरातींचे फोन बंद करणारा डीएनडी पण टाकला, फोन बरेच कमी झाले.

अजून एक गोष्ट, आणि ही कृपया कराच. पॉलिसीसोबत तुमच्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे भरलेल्या अर्जाची कॉपी येते ती ओळ न् ओळ वाचा. माझ्या कॉपीत शुगर होती पण बीपीसमोर 'नाही' लिहिलेलं, मी फोनवरच्या व्हेरिफिकेशनमध्ये स्पष्ट सांगूनसुद्धा! फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी तपासून पटली नाही तर परत करायचे 30 दिवस असतात, मी बाराव्या दिवशी मेल टाकला, तीन आठवड्यांनी दुरुस्तीचा कागद आला, हप्ता तेवढाच राहिला. तो कागद आला त्या रात्री मी शांत झोपले.

मुलगी अठरा वर्षांखालची आहे म्हणून तिच्यासोबत अपॉइंटी (तिच्या वतीनं क्लेमचे पैसे घेणारा) म्हणून भावाचं नाव घातलंय, त्याला फाईल कुठे आहे ते दाखवून ठेवलंय. आणि डेटाच्या त्या मेलला कंपनीचं उत्तर होतं की डेटा त्यांच्याकडून गेला नाही, लॅबला विचारा. लॅबकडून आजपर्यंत काही आलेलं नाही, मी दर महिन्याच्या 1 तारखेला तोच मेल परत पाठवते.