पागडीची खोली ठेवायची, विकायची की भाड्याने राहायचं? लालबाग-परळच्या तीन घरांचा हिशोब

आमच्या भागात महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी हा विषय काढतंच. पागडीची खोली आहे (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने कायमची घेतलेली), दहा बाय सोळाची, जिन्याला टेकू लागलेत, बिल्डर इमारत नव्याने बांधायला येतो येतो म्हणतोय पण येत नाही, मग वाट बघायची का आत्ताच विकून विरार-बदलापूरला वन बीएचके घ्यायचा? आमच्या नातेवाईकांत हे तिन्ही प्रकार झालेत, आम्ही थांबलो, मामाने विकलं आणि चुलतबहीण लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर राहते, म्हणून जे डोळ्यांनी बघितलं ते मांडतेय, तुमच्या घरात हा वाद चालू असेल तर उपयोग होईल.

आधी थोडं मागचं, कारण ते माहीत नसेल तर आपल्या हातात नक्की काय आहे तेच कळत नाही. मुंबईत घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली, १९४७ च्या कायद्याने ते पक्कं केलं आणि मग पिढ्यानपिढ्या लोक शे-सव्वाशे रुपयांत गिरगाव, लालबाग, परळला राहू शकले. गिरणीत जाणारा, पोस्टात असणारा, घरकाम करणारी बाई, सगळे कामाच्या जागेजवळ राहिले ते या एका गोष्टीमुळे. पण भाडं गोठलं आणि दुरुस्तीचा खर्च काही गोठला नाही, मग मालकांनी हात काढून घेतला, इमारती पडायला लागल्या, म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, इमारतींवर उपकर बसला आणि अशा १९,६४२ इमारतींना आपण सेस बिल्डिंग म्हणायला लागलो. आता लागू आहे तो १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून. त्यात भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं, म्हणजे शंभराला चार रुपये, आणि पागडी घेणं-देणं कायदेशीर झालं. म्हणजे पागडीवाला मालक नसला तरी साधा भाडेकरूही नसतो, नियमित भाडं भरत असेल आणि कायद्यातलं एखादं ठोस कारण नसेल तर त्याला काढता येत नाही. तुमची खरी संपत्ती हा हक्क आहे, त्या १६० फुटांची किंमत त्याच्यामुळेच आहे.

आता मामाचं. २००९ साली त्याने परळची खोली १८ लाखांना दिली, त्यातला तिसरा हिस्सा मालकाने ट्रान्सफरसाठी घेतला (बहुतेक ठिकाणी मालक असाच हिस्सा मागतो, विकायचं ठरवताना लोक हे धरतच नाहीत) आणि हातात १२ आले. नालासोपाऱ्याला वन बीएचके घेतला, किचन वेगळं, संडास घरात, मामी पहिल्यांदा बघून रडलीच, कारण चाळीत आयुष्यभर गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन लाइन लावली होती तिने. तो आनंद खरा होता, त्याला मी अजिबात कमी लेखत नाही. पण मामी दादरला चार घरी पोळ्या लाटायची, पहिलं घर साडेसहाचं. परळहून ती सहाला निघायची, नालासोपाऱ्याहून पावणेपाचला निघायला लागली, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, सात-आठ महिन्यांत दोन घरं सुटली, वर्षात चारही. तिथे जवळपास पोळ्यांची कामं मिळाली पण पैसे निम्मेच. मामाला पुढे डायलिसिस लागलं तेव्हा आठवड्यातून दोनदा परळला हॉस्पिटलात यायचं म्हणजे दिवस जायचा, आणि जुन्या खोलीपासून ते हॉस्पिटल चालत दहा मिनिटं. विकताना कागदावर जो आकडा दिसतो त्यात हे काहीच नसतं.

आमचं उलट. आम्ही थांबलो, पण थांबणंही सोपं नव्हतं. २०११ ला बिल्डरशी करार झाला, २०१२ ला खोली रिकामी केली, बिल्डरने तीन वर्षं सांगितली आणि चावी मिळाली २०१९ ला. मधे बाहेर राहण्यासाठी बिल्डरकडून महिना १२ हजार भाडं मिळायचं ते २०१५ ला बंद पडलं, सोळा महिने एक पैसा नाही, बाबांनी पीएफ काढून आमचं भाडं भरलं, आई दर शनिवारी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसायची, तिथला शिपाई तिला ओळखायला लागला होता. हे फक्त आमचंच असंही नाही, गोरेगावची पत्राचाळ सगळ्यांना माहीत आहे, तिथल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ चा आणि नव्या घरांच्या चाव्या आल्या २०२५ ला. ती पागडीची जागा नव्हे, म्हाडाची वसाहत, पण भाडं बंद पडलं की काय होतं ते तिथे बघा. दुसऱ्या बाजूला वरळीच्या बीडीडी चाळीत सरकारने स्वतः काम करून घेतलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांची घरं मिळाली. तेव्हा रिडेव्हलपमेंट म्हणजे फसवणूकच असं मी म्हणणार नाही, काम कोण करतंय आणि कागद किती पक्का आहे यावर सगळं आहे.

सेस बिल्डिंगला बिल्डर आला तर साधारण ३३(७) मध्ये येतो, हे मुंबईच्या विकास नियमावलीतलं कलम. त्यात राहत्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मोफत आणि मालकीने, तुमची जागा आधीच त्याहून मोठी असेल तर तेवढी, वरची मर्यादा १२० चौरस मीटरची. आता ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते, आमच्या वेळी ७० लागायची. क्लस्टरमध्ये (अनेक इमारती एकत्र करून नव्याने बांधणं) म्हणजे ३३(९) मध्ये कमीत कमी ३५ चौरस मीटर मिळतं, पण त्याला मुंबई शहरात ४,००० चौरस मीटर तरी जागा लागते, म्हणजे बऱ्याच इमारती आणि बरेच मालक एकत्र यावे लागतात, तेवढा वेळ जातोच.

बिल्डरचं भाडं नको म्हणून ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे म्हाडाची तात्पुरती घरं, घेणारेही असतात. प्रतीक्षानगरला, बिंबिसारनगरला अशी कुटुंबं आहेत की आजोबा तात्पुरते म्हणून आले आणि नातवाचं लग्न तिथेच झालं. दुसरा इलाज नसेल तरच जा, आणि जाताना मास्टर लिस्टमध्ये (कायमच्या घरासाठी थांबलेल्यांची म्हाडाची यादी) नाव लागलंय का ते आधी बघा.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. चाळीत आमचं भाडं ११२ रुपये होतं. नव्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर लिफ्ट, पंप, वॉचमन, सगळं धरून मेंटेनन्स महिना ३,८०० येतो. ज्या घरात पेन्शन नाही, एकच कमावता, त्यांना हे झेपत नाही, आमच्या विंगमधली सहा घरं पहिल्या तीन वर्षांत भाड्याने गेली किंवा विकली गेली, माणसं डोंबिवलीला. म्हणजे शहराने घर वाचवलं पण माणूस वाचला नाही. म्हणून करारात कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो तो एकरकमी निधी) किती, तो सोसायटीच्या नावाने कधी जमा होणार, त्याच्या व्याजातून मेंटेनन्स किती सुटणार हे विचारा. लोक हॉलच्या टाइल्सवर तासभर भांडतात आणि कॉर्पसवर पाच मिनिटंही बोलत नाहीत.

तिसरी माझी चुलतबहीण. तिच्याकडे पागडी नाही, जुन्या भाड्याची पावती नाही, काहीच नाही, चिंचपोकळीला वन आरके, भाडं २२ हजार, डिपॉझिट एक लाख, दर अकरा महिन्यांनी करार. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं, त्यानंतरच्यांना ते संरक्षण नाही, मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन मालक ताबा मागू शकतो. शहराचं सगळं संरक्षण जुन्या पावतीला आहे, आज नव्याने आलेल्या नर्सला किंवा डिलिव्हरीवाल्या पोराला नाही, आणि मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. २००८ ला एमएमआरडीएने १६० फुटांची भाड्याची घरं बांधायची योजना काढली होती, तीही भाड्याची म्हणून टिकली नाही. तरी भाड्याने राहणार असाल तर एवढं नक्की करा, करार नोंदवून घ्या. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही असं एजंट सांगतो ते खोटं, १९९९ च्या कायद्यात नोंदणी मालकाची जबाबदारी आहे आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. मुद्रांक पाव टक्का आणि नोंदणी शहरात हजार रुपये, डिपॉझिट बुडण्यापुढे हे काहीच नाही.

म्हाडाच्या लॉटरीचं लोक विचारतात. अर्ज भराच, पण त्याच्यावर आयुष्य टांगू नका. २०२३ ला मुंबईत ४,०८२ घरं होती आणि अर्ज एक लाख वीस हजारांच्या आसपास. त्यात गोरेगावची अत्यल्प गटाची घरं तीस लाखांच्या आसपास, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला सहा लाख. लॉटरी लागली तरी रोख कमावणाऱ्या बाईला बँक लोन देताना पगाराची स्लिप मागते, तिथे गाडी अडते.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. घरातलं कुणी या भागातल्या कामावर अवलंबून असेल, किंवा घरात आजारी माणूस असेल, तर पागडी विकू नका, जिना पडायला आला असेल तर आधी जीव वाचवा, पण हक्क सोडू नका. विकायचंच असेल तर पोरं बाहेर सेटल झालीत, नोकरी तिकडेच आहे आणि मालकाचा हिस्सा जाऊन उरलेल्या पैशात कर्जाशिवाय घर होतंय, असं असेल तरच. आणि मधल्या काळात खोलीला कुलूप लावून सहा महिने कुठे जाऊ नका, सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसणं हे खाली करायचं कारण होऊ शकतं. मालकाला न विचारता दुसऱ्याला भाड्याने देणं तर त्याहून वाईट, आमच्या चाळीतल्या एका घराचा हक्क त्यातच गेला, महिना आठ हजारांसाठी. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा, चेक पाठवा, परत आला तर पाकीट न फोडता तसंच ठेवा.

आणि पावती कुणाच्या नावावर आहे ते आज उघडून बघा. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांना हक्क मिळतो, त्यामुळे रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादी, सगळ्यावर तोच पत्ता हवा. आमच्या आईने १९६८ पासूनच्या पावत्या पार्लेच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, आजोबांच्या नावाच्या, मग बाबांच्या, रबर वितळून कागदाला चिकटलेलं. करार करताना बिल्डरच्या वकिलाने आमची पात्रता त्या डब्यावरूनच मान्य केली, शेजारच्या दोन घरांना वर्षभर हेलपाटे पडले. काल समोरच्या चाळीतल्या काकू आल्या होत्या, त्यांच्या पावतीवर अजून सासऱ्यांचं नाव आहे आणि सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली. सोमवारी आई आणि त्या मिळून वकिलाकडे चालल्यात, डबा घेऊन.