शुभेच्छापत्रासाठी क्विलिंग, पॉप-अप की कातरकाम?

स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र करायचे ठरवले की नक्षी कोणती काढावी, हा प्रश्न आधी पडतो. त्याहीपूर्वी ते पत्र समोरच्या व्यक्तीपर्यंत कसे जाणार आहे आणि अशी किती पत्रे करायची आहेत, हे ठरवावे, असे माझे मत आहे. कारण क्विलिंग, पॉप-अप आणि कातरकाम या तिन्ही पद्धती कागदाच्याच असल्या तरी या दोन कसोट्यांवर त्या अगदी वेगळ्या ठरतात.

क्विलिंगमध्ये बहुधा ३ किंवा ५ मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या वापरतात. खाच असलेल्या सुईत पट्टीचे टोक अडकवून ती घट्ट गुंडाळायची, मग हवी तेवढी सैल सोडून टोक चिकटवायचे. ही गुंडाळी एका बाजूने चिमटीत दाबली की थेंबाचा आणि दोन्ही बाजूंनी दाबली की पानाचा आकार तयार होतो. असे पाच थेंब टोकाला टोक जुळवून ठेवले की फूल झाले. पाकळ्या एकसारख्या याव्यात म्हणून पट्ट्या आधीच समान लांबीच्या कापाव्यात आणि गोंद टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच घ्यावा, कारण जास्त झालेला गोंद वाळल्यावर चकाकतो आणि नाजूक काम बिघडते. पट्टी कडेवर उभी राहत असल्यामुळे प्रत्येक वळणाची सावली कागदावर पडते, आणि क्विलिंगचे सारे सौंदर्य या सावलीत आहे. मात्र अडचणही याच उभेपणात आहे. मी एकदा असे फूल साध्या पाकिटात घालून टपालाने पाठवले. ते पोहोचले तेव्हा निम्म्या पाकळ्या आडव्या पडल्या होत्या. तेव्हापासून क्विलिंगचे पत्र मी एक तर हातात देते, नाही तर उथळ खोक्यात घालून पाठवते. शिवाय दहा पत्रे करायची असतील तर दहाव्याला जवळजवळ पहिल्याइतकाच वेळ लागतो.

पॉप-अपचे, म्हणजे उघडताच आतली रचना उभी राहते अशा पत्राचे, गणित याच्या उलट आहे. नमुना आखण्यातच खरा वेळ जातो. एकदा तो जमला की पुढची पत्रे भराभर होतात, आणि बंद केल्यावर पत्र सपाट होत असल्याने ते साध्या पाकिटातही सुखरूप जाते. यातील सर्वांत सोपी रचना पायरीची आहे. मधल्या घडीला छेदणारे दोन समांतर काप द्यायचे आणि त्यांच्यामधली पट्टी पुढे ओढून उलट दिशेने दुमडायची. येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा: पायरीची उंची आणि ती जितकी पुढे येते ते अंतर, यांची बेरीज घडीपासून कडेपर्यंतच्या रुंदीपेक्षा कमीच असली पाहिजे. ए-५ कागद मधोमध दुमडल्यावर प्रत्येक पान १०.५ सेंटिमीटर रुंद होते. त्यात ४ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर पुढे येणारी पायरी सहज सामावते, पण ७ आणि ५ सेंटिमीटरची पायरी पत्र बंद केल्यावर दीड सेंटिमीटर बाहेर डोकावते. जपानी वास्तुरचनाकार मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केलेल्या ओरिगामिक आर्किटेक्चरमध्ये काप आणि घडी एवढ्यावरच एका कागदातून अख्ख्या इमारती उभ्या राहतात.

पॉप-अपसाठी साधारण १६० ते २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद योग्य असतो. त्याहून पातळ कागद वाकतो आणि फार जाड कागद घडीवर तडकतो. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेल्या बॉलपेनने मोजपट्टीच्या आधाराने रेघ दाबून घ्यावी. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी: आतली जागा रचनेनेच व्यापल्यामुळे मजकूर लिहायला फारसे काही उरत नाही. ज्यांना मनापासून चार ओळींपेक्षा अधिक लिहायचे आहे त्यांनी क्विलिंगचाच विचार करावा, कारण तेथे सजावट दर्शनी बाजूला असते आणि आतली दोन्ही पाने मोकळी राहतात.

कातरकाम या दोन्हींच्या मधे बसते. कोरलेली नक्षी वेगळ्या रंगाच्या कागदावर चिकटवली की पत्र सपाट राहते आणि आतही लिहिता येते. धारदार पाते, स्थिर हात आणि लहान आकार आधी कापून बाहेरची कड शेवटी कापण्याची शिस्त एवढेच त्यासाठी लागते.

एवढे वाचूनही निर्णय होत नसेल तर सुरुवात पॉप-अपने करावी, कारण त्यासाठी मोजपट्टी, पेन्सिल, कटर आणि शाई संपलेले बॉलपेन यांपलीकडे काही लागत नाही. पहिली पायरी रद्दी कागदावर कापून पाहावी, पत्र बंद करावे, आणि कडेबाहेर काही दिसले तर पायरी तेवढीच आखूड करून मगच चांगल्या कागदाला हात लावावा.