रिसॉसाठी बँडसॉ घेताय? उंचीचा आकडा बाजूला ठेवा, आधी फ्रेम बघा (बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर)

बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या लांब पट्टीसारख्या ब्लेडची करवत) घेऊन आता बरेच महिने झालेत आणि त्याच्यावर मुख्यतः एकच काम केलंय, जाड फळी उभी धरून तिच्यातून पातळ फळ्या काढायच्या, म्हणजे रिसॉ. गोलाकार कापणं, वळणं घेणं हे कुठलाही बरा बँडसॉ करतो, त्यावर एवढं लिहायची गरज नाही. खरा कस लागतो तो रिसॉला, आणि नेमकं त्याच बाबतीत विकत घेताना आपल्याला चुकीचा आकडा दाखवला जातो.

तो आकडा म्हणजे रिसॉची उंची. १० इंच, १२ इंच असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तेवढी उंच फळी वरच्या गाईडखालून (ब्लेडला बाजूने आणि मागून आधार देणारा भाग) जाते. ती सरळ चिरली जाईल का हे फ्रेम, टेन्शन (ब्लेडला दिलेला ताण) आणि ब्लेड यांच्यावर ठरतं. बीडाच्या फ्रेमचे जे १४ इंची (हे चाकाचं माप) बँडसॉ असतात ते मुळात ६ इंचांपर्यंत फळी घेतात, मग खांबाच्या मधे रायझर ब्लॉक टाकून १२ इंच करतात. उंची दुप्पट झाली, पण ब्लेड ताणणारी वरची स्प्रिंग तीच, मोटर बऱ्याचदा तीच १ एचपीची, आणि खांब लांब झाल्यामुळे टेन्शन दिलं की जास्त लवतो. म्हणून मी वेल्ड केलेल्या पोलादी फ्रेमचं १४ इंची, दीड एचपीचं मशीन घेतलं आणि इतक्या महिन्यांनी सांगतो, या एका निर्णयाबद्दल मी अत्यंत समाधानी आहे. कागदावर उंची थोडी कमी आहे पण जेवढी आहे तेवढी सगळी वापरता येते!

टेन्शनवर इतका भर का, ते सांगतो. ब्लेड ढिलं असलं की उंच फळीत ते मधे वाकतं, आणि गंमत म्हणजे वरून बघाल तर कट रेषेवर, खाली टेबलापाशी बघाल तरी रेषेवर, सगळं छान वाटतं. फळी बाहेर काढून कापलेल्या बाजूवर पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा, एका फळीच्या मधे फट दिसते आणि तिच्या जोडीच्या फळीला तेवढंच पोट आलेलं असतं. रंधा मारून ते काढेपर्यंत पातळ फळीत काही उरत नाही. मी अजूनही नवीन ब्लेड चढवलं की पहिल्या फाडीला ही पट्टी लावून बघतो, मशीनवरच्या टेन्शनच्या काट्यापेक्षा माझा हिच्यावर जास्त विश्वास आहे. तो काटा फक्त स्प्रिंग किती दाबली गेलीय ते दाखवतो. अंदाजासाठी दुसरी पद्धत म्हणजे मशीन बंद, प्लग काढलेला, गाईड ६ इंच वर, आणि ब्लेडला बाजूने बोटाने बऱ्यापैकी दाब द्यायचा, साधारण ६ मिलीमीटरपेक्षा जास्त हललं तर अजून ताणायला हवं.

ब्लेडबद्दल माझं मत पक्कं झालंय, अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात. मशीनवर पाऊण इंची पट्टा चढतो असं लिहिलेलं असतं आणि तो चढतोही, पण त्याला लागेल तेवढा ताण १४ इंची मशीन देऊ शकत नाही, मग रुंदीचा फायदाच जातो. पूर्ण ताणलेलं अर्धा इंची ब्लेड अर्धवट ताणलेल्या पाऊण इंचीपेक्षा सरळ जातं. आणि दात कमी का, तर हिशोब करा ना, ८ इंच उंच फळीत ३ दातांचं ब्लेड असेल तर एका वेळी २४ दात लाकडात असतात, ६ दातांचं असेल तर ४८. प्रत्येक दाताला आपला भुसा समोरच्या खाचेत घेऊन ती ८ इंच पार करून खाली टाकायचाय. खाच लहान असली की ती मधेच भरते, भुसा बाजूला सरकतो, ब्लेड तापतं आणि वाट सोडतं. जास्त दात म्हणजे सफाईदार कट हे पातळ लाकडात ठीक आहे, रिसॉमधे उलटंच होतं. सागवानात सिलिका असते त्यामुळे साधं कार्बन स्टीलचं ब्लेड पटकन बोथट होतं, त्याला मी बायमेटल (दातांना जास्त कठीण स्टील असलेलं ब्लेड) लावतो, ते खूप जास्त टिकतं. ब्लेड बोथट झालंय हे हाताला कळतं, तुम्ही जास्त ढकलायला लागता. तिथेच थांबायचं आणि ब्लेड बदलायचं, कारण ढकलण्याचा जोर वाढला की पोट येणारच.

कट एका बाजूला ओढला जातो त्यासाठी लोक फेन्स (फळी जिला टेकवून सरकवतात ती आधाराची पट्टी) तिरकी लावतात. चालतं तेही. पण मला असं दिसलं की ब्लेड धारदार असेल, ताण पुरेसा असेल आणि वरच्या चाकाचं ट्रॅकिंग (ब्लेड चाकावर जागेवर चालावं म्हणून चाकाचा कल जुळवणं) नीट केलं असेल तर हे ओढणं जवळजवळ उरतच नाही. एका बाजूचे दात बोथट झालेल्या ब्लेडला मात्र फेन्स कितीही फिरवली तरी समाधान नाही.

गाईडमधे बेअरिंग असोत की ठोकळे, मला फार फरक वाटला नाही. बाजूचे गाईड दातांच्या खाचांच्या जरा मागे, कागद जाईल एवढी फट, आणि मागचं बेअरिंग कट सुरू झाल्यावरच टेकलं पाहिजे. यापेक्षा महत्त्वाचं आहे तो गाईडचा खांब, तो वरखाली केल्यावर ब्लेडशी समांतर राहतो का हे मशीन घेताना जरूर तपासा. माझ्या मशीनवर वरपर्यंत नेला की किंचित सरकतो, त्यामुळे उंची बदलली की गाईड परत जुळवावे लागतात, हे मला अजूनही खटकतं. दुसरी तक्रार फेन्सची, जेमतेम ३ इंच उंच. तिला प्लायची ७ इंची उंच पाटी बोल्टने लावली, उभी फळी आता डोलत नाही. खालच्या चाकावर भुसा चिकटून त्याचा थर होतो आणि ब्लेड ठकठक करायला लागतं, तिथे एक ब्रश हवाच, आणि ४ इंची पाइपने भुसा ओढून घ्या, बारीक भुसा फुप्फुसात जाणं अजिबात चांगलं नाही.

फेदरबोर्ड (फळी फेन्सला दाबून धरणारी लवचिक दात्यांची पाटी) लावत असाल तर तो ब्लेडच्या अलीकडे लावा, ब्लेडच्या शेजारी लावला तर कापलेली फट दाबली जाते आणि ब्लेड अडकतं. शेवटचे काही इंच कायम काठीने ढकला, इथे लाकूड उलटं फेकलं जायची भीती टेबल सॉइतकी (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडचं मशीन) नसली तरी फळी संपताना ब्लेड अचानक बाहेर येतं. आणि गोल ओंडका मोकळा कधीच कापू नका, ब्लेड त्याला फिरवतं, आधी पाटीवर स्क्रूने पक्का करायचा.

एवढं करून मिळतं काय? टेबल सॉ प्रत्येक कटमधे साधारण ३ मिलीमीटर लाकूड भुसा करतो, इथे जेमतेम १ जातं. चांगल्या शिसवीच्या तुकड्यातून एक फळी जास्त निघते तेव्हा फार बरं वाटतं, आणि दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या की रेषा एकमेकींना जुळलेल्या दिसतात, त्यासाठी मी कितीही वेळ घालवायला तयार आहे. फक्त चिरल्या चिरल्या लगेच अंतिम मापात आणू नका, आतला ओलावा आणि ताण मोकळा होतो आणि फळी वाकते. मी दोनतीन मिलीमीटर जास्त ठेवतो, मधे पट्ट्या घालून थप्पी लावतो, वर वजन, आणि हलायची थांबली की मगच रंधा.

तुमच्या फळ्या ५ इंचांच्या वर जाणारच नसतील तर बीडाचं साधं १४ इंची मशीन, रायझर न लावता, चांगल्या ब्लेडवर मस्त काम करेल, वाचलेले पैसे ब्लेडमधे घाला. ८ इंच आणि वर नेहमी लागणार असेल तर पोलादी फ्रेम आणि किमान दीड एचपी, त्याखाली मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही.