खपली की लोकवन? गिरणीच्या रांगेतून

सणाला खपली गहू, रोजच्याला लोकवन गहू, हे आमच्या निपाणी-चिकोडीकडचं जुनं गणित. हल्ली कुणाची साखर निघाली की लगेच सल्ला येतो, ‘खपली खा.’ भाव मात्र लोकवनच्या जवळजवळ दुप्पट. मी दोन्ही वर्ष-वर्षभर खाऊन बघितले, म्हणून लिहितो.

खपली आमच्या मातीतलीच. कन्नड शेजारी तिला जवे गोधी म्हणतात, धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तिचे डीडीके १०२९ सारखे वाण काढलेत, आणि हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, दुसरा गहू घातला तर आई ताटाकडे बघत नाही. पण हुग्गीसाठी कांडताना साल जातं. ज्याचं एवढं कौतुक चालतं ते फेरुलिक आम्ल, गव्हातलं एक अँटिऑक्सिडंट, नेमकं त्या सालात, कोंड्यात असतं. तंतूंना घट्ट चिकटलेलं, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते थोडं थोडं सोडवतात. लिग्नॅन नावाची, तशीच कौतुकाची द्रव्यंही बहुतेक तिथलीच. तेव्हा दुप्पट पैसे मोजून खपली आणायची, पीठ बारीक चाळणीने चाळायचं आणि कोंडा म्हशीला घालायचा, यात म्हशीचंच भलं. आमच्याकडे बरेच दिवस हेच चाललं होतं.

खपलीत ही द्रव्यं लोकवनपेक्षा जास्त असतात का? वाण, जमीन, हवामान यांनी प्रमाण इतकं बदलतं की मी तरी सरसकट सांगायला धजणार नाही. बाबा खपलीच्या दोन चपात्यांत उठायचे, लोकवनच्या तीन लागायच्या. हे तिच्या पारड्यात टाका.

माझं घोडं अडलं ते गिरणीत. न चाळलेल्या पिठात अंकुराचं तेल राहतं, पावसाळ्यात ते लवकर खवट होतं. म्हणून दळप थोडं थोडं, तीन-तीन किलोच टाकायचं. आणि रांगेत माझ्यापुढे कायम कुणाचा तरी शाळू, म्हणजे ज्वारी! गिरणीत उरलेलं ते पीठ माझ्या खपलीत उतरायचं. खपलीची कणीक मुळातच कमी ताणते, त्यात शाळू. चपाती लाटण्यालाच चिकटून फाटायची. ‘आधी कुणाची खपली येऊ दे, मागनं तुमची घालतो,’ गिरणीवाले मामा म्हणायचे. तशी ती एकदाच आली, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.

लोकवनला ही कटकट नाही, पुढेमागे सगळ्यांचं तेच. आता दर आठवड्याला ताजं दळप आणि चाळण फक्त खडे-किडे बघायला, मोठ्या भोकांची. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह धरून ठेवतं, म्हणून जेवताना लिंबू पिळतो.

तुमच्या गल्लीत खपलीची वेगळी चक्की असेल तर गोष्ट निराळी, खुशाल घ्या. फक्त ग्लुटेन सोसत नसेल तर दोन्ही वर्ज्य. खपलीतही ते असतंच, दुकानदार काहीही सांगो. आमच्याकडे आता खपली हुग्गीपुरती दोन किलो येते, आणि ती आई घरीच कांडते.